तिसऱ्या हाकेचा माणूस

म्हसरूळच्या शिवारात लहानू विधाते दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता. एक त्याचा झेंडू, जो बाजारात सगळ्यांत उशिरा कोमेजायचा. आणि दुसरं म्हणजे, त्याला जेवायला बोलवायचं तर तीन हाका माराव्या लागायच्या. पहिल्या हाकेला तो मानसुद्धा वर करायचा नाही. दुसरीला मान वर करायचा, पण जागचा हलायचा नाही. तिसरी आली की फावडं खांद्यावर टाकून असा निघायचा, की बघणाऱ्याला वाटावं, याला आत्ताच कुणीतरी पहिल्यांदा बोलावलं.

याला त्याच्याकडे शास्त्राचा आधार होता. त्याची आई साळूबाई त्याला लहानपणी सांगायची, की शिवारात एकटं असताना कुणी हाक मारली तर लगेच ओ द्यायची नाही. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी मारायची त्याला परवानगी नसते. तिसरी आली म्हणजे समजायचं, माणूस आहे. आईने हे सांगितलं होतं दिवेलागणीनंतरच्या वेळेसाठी. लहानूने ते भर दुपारी बारा वाजता, स्वतःच्या घराच्या ओट्यावरून येणाऱ्या, स्वतःच्या बायकोच्या हाकेला लावलं. त्यात अर्धा वाफा जास्त भरून व्हायचा, हा फायदा तो कुणाला सांगत नसे.

बायकोचं नाव रंगूबाई. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि चौतीस वर्षांत तिने नवऱ्याचं नाव एकदाच घेतलं होतं, तेही लग्नानंतर सासूने दार अडवलं आणि उखाणा घेतल्याशिवाय आत सोडेना म्हणून. त्यानंतर लहानूसाठी तिच्याकडे एकच शब्द होता. ओट्यावर उभं राहायचं, तोंडाला हात लावायचा आणि शेताकडे बघून म्हणायचं, "अवोऽऽऽ!" गावाला तो लहानूभाऊ होता, नातवंडांना आबा. 'लहानूऽऽ' अशी लांब हाक मारणारी एक आईच होती, आणि तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

तीन हाका होईपर्यंत भाकरी गार व्हायची. मग हाच गृहस्थ पहिला घास मोडून म्हणायचा, "गार भाकरी खाण्यातच जन्म चालला." यावर रंगूबाई फक्त कांदा फोडायची, जरा जोरात.

आता, नुसता झेंडू लावून आणि गार भाकरी खाऊन समाधान मानणारा माणूस असता, तर पुढचं काही घडलंच नसतं. पण लहानूला आवाजाचं वेड होतं. तरुणपणी त्याने 'विधाते साउंड सर्व्हिस' काढली होती. दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर आणि बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राकडून घेतलेलं इको मशीन. त्या पेटीत टेपची एक पट्टी गोल गोल फिरायची, आणि माइकमध्ये एकदा बोललेलं तीन-चारदा परत ऐकू यायचं. पंचवीस वर्षं लहानूने पंचक्रोशीतली लग्नं या पेटीवर गाजवली. नवरदेवाच्या मामांना स्टेजवर बोलवायचं तर मामा-मामा-मामा असे चार मामा हजर झाल्यासारखे वाटायचे. मग डीजे आले आणि विधाते साउंड सर्व्हिस औषधफवारणीच्या पंपाशेजारी खोलीत जाऊन बसली. तरी इको मशीन रंगूबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं असायचं आणि दसऱ्याला त्याला घरचा झेंडू वाहिला जायचा.

साठी जवळ आली तसं लहानूच्या डोक्यात आलं, की मरायच्या आधी आपलं स्वतःचं एक रेकाट निघालं पाहिजे. रेकॉर्डला तो रेकाट म्हणायचा. रेकाट म्हणजे भजन नव्हे, भक्तिगीत नव्हे, चांगलं पॉप. म्हसरूळच्या शिवारातलं पहिलं.

संगीताला त्याने आपला बालमित्र कारभारी याला धरलं. कारभारी बँड पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. त्याच्या कीबोर्डच्या दोन पट्ट्या मेल्या होत्या, म्हणून तो प्रत्येक गाणं त्या दोन सुरांना वळसा घालून वाजवायचा. सवयीने त्याला हीच संगीताची खरी पद्धत वाटू लागली होती. गाणं लहानूने स्वतः लिहिलं:

झेंडू पिवळा, झेंडू लाल,
पाणी भरून झालंय काल,
आज उभा मी तुझ्यासाठी,
हातात फावडं, पायात गाळ.

कारभारी म्हणाला, "गाळ काढ. प्रेमात गाळ येत नाय." लहानू म्हणाला, "तुझ्या प्रेमात नसंल आला." गाळ राहिला.

लहानूचा गळा बरा होता, त्यामुळे नायकाचा प्रश्न मिटला. अडलं ते नायिकेपाशी. प्रत्येक कडव्यानंतर नायिकेने लांबून नायकाला साद घालायची, अशी लहानूची योजना होती. आणि ती साद घुमावी म्हणून घराशेजारच्या रिकाम्या सिमेंटच्या हौदात उतरून ती घालायची. नाशिकरोडची एक ऑर्केस्ट्रातली गायिका येऊन हौद बघून गेली. ती म्हणाली, कळवते. अजून कळवायची आहे.

मग त्याने रंगूबाईला विचारलं. ती म्हणाली, "माझ्या गळ्यातून गाणं निघत नाय. आन निघालं तरी हौदात नाय."

इथे शहाणा माणूस थांबला असता. लहानूने दुसऱ्या दिवशी हौदात माइक सोडला.

वायर खिडकीतून खोलीत घेतली, ॲम्प्लिफायर लावला, इको मशीनला तेल दिलं. आवाज भरून ठेवायला सून उज्वलाचा जुना लॅपटॉप होता. उज्वला दिंडोरीला शाळेत शिक्षिका होती आणि कुठलं बटण दाबायचं ते तिने सासऱ्याला दोन रविवार खर्चून शिकवलं होतं. आता प्रश्न एवढाच होता, की लहानू खोलीत बसला तर शेतात कोण? म्हणून कारभारीला लहानूचा सदरा घातला, डोक्यावर लहानूची टोपी ठेवली आणि हातात फावडं देऊन घराकडे पाठ करून वाफ्यात उभं केलं. काम अवघड नव्हतं. लहानूचं हुबेहूब सोंग वठवायचं तर हाकेला न हलणं एवढंच करायचं होतं.

बारा वाजले. रंगूबाई ओट्यावर आली आणि तोंडाला हात लावून म्हणाली, "अवोऽऽऽ!"

आवाज हौदात उतरला, चार भिंतींना लागून मशीनमध्ये शिरला आणि बाहेर आला तो असा घुमत, की खोलीत बसलेल्या लहानूच्या अंगावर काटा आला. आनंदाने त्याने स्वतःच्याच मांडीवर थाप मारली. रंगूबाईने दुसरी हाक दिली, "अवोऽऽ..." आणि लाईट गेली.

लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहिला. पण इको मशीनची मोटर हळूहळू मंदावत थांबली, तशी पट्टी मंदावली, तसा रंगूबाईचा आवाज खाली खाली उतरत गेला. बघता बघता बाईचा बाप्या झाला, बाप्याचा रेडा झाला आणि रेडा कुठेतरी जमिनीखाली जाऊन गप्प झाला. तिसरी हाक तिने मारली, पण ती या सगळ्यात भरलीच गेली नाही. ती फक्त कारभारीने ऐकली. नियमाप्रमाणे तो फावडं खांद्यावर टाकून निघाला आणि ओट्यापाशी पोचला तेव्हा रंगूबाई म्हणाली, "भाऊजी, तुमी?" कारभारी म्हणाला, "भूक लागली होती, वहिनी." ते खरंच होतं. त्याने लहानूची भाकरी खाल्ली.

संध्याकाळी लाईट आल्यावर दोघांनी ती दुसरी हाक ऐकली. कारभारी उठून दारात जाऊन उभा राहिला. "लहान्या," तो म्हणाला, "ही वहिनी नाय."

"हेच पाहिजे होतं!" लहानू म्हणाला.

गाणं जोडलं गेलं. कडवं, मग पहिली हाक, मग ती बुडत जाणारी दुसरी हाक, आणि मग थोडी शांतता. ही शांतता कुणी ठरवून ठेवली नव्हती. तिथे तिसरी हाक येईल म्हणून कारभारी सवयीने थांबला होता आणि ती न आल्यामुळे घाबरून पुढे वाजवायला लागला होता. उज्वलाने ऐकलं, आधी हसली, मग एकदम हसायची थांबली. "आईंना विचारलंत का?" तिने विचारलं.

"तिला काय विचारायचं? रोजचीच हाक हाय," लहानू म्हणाला.

उज्वलाला वाटलं, म्हणजे घरात बोलणं झालेलं असणार. तिने झेंडूचा फोटो लावून 'दोन हाका' या नावाने गाणं इंटरनेटवर टाकलं.

घटस्थापनेपर्यंत ते शंभर लोकांनी ऐकलं होतं आणि त्यांतले चाळीस विधातेच होते. मग वणीला पायी निघालेल्या कुठल्यातरी मंडळाने ते टेम्पोवर लावलं. दिंडोरी रोडने चाललेल्या हजारभर माणसांत 'अवोऽऽऽ' झालं आणि गर्दीतल्या सगळ्या लग्न झालेल्या पुरुषांनी एकदम मागे वळून पाहिलं. नाव घेतलेलं नव्हतं ना! 'अवो' हा शब्द कुणाचाही असू शकतो. ज्याची बायको माहेरी होती, तोसुद्धा वळला. मग दुसरी हाक आली, ती जमिनीखाली गेली, आणि सगळा रस्ता तिसरीची वाट बघत उभा राहिला.

ती आली नाही. तिथेच गाणं हिट झालं.

आठ दिवसांत जिल्हाभर हा खेळ झाला. दोन हाकांना गप्प राहायचं, जो ओ देईल त्याला झपाटलं. वधूवर मेळाव्यात लावलं, मंडईत रिंगटोन झालं. एका एसटीत कुणाचातरी फोन वाजला आणि एक गृहस्थ "आलो, आलो" करत येवल्याऐवजी अलीकडेच उतरले. टोमॅटोच्या लिलावात एकाने ओ दिली, तर बोली त्याच्यावर सुटली. व्हिडिओ निघाले. गाण्यातल्या त्या बाईला लोकांनी नावही देऊन टाकलं, हौदातली हडळ. हौदातली हे कारभारीने फोडलं होतं. हडळ कुणाची, हे मात्र त्याने पोटात ठेवलं, आणि त्याच्या मानाने ते फार होतं.

लहानू हवेत होता. पान खायला गेला तरी तो 'आमच्या रेकाटाचं' बोलायचा. घरात मात्र त्याने ते कधी वाजवलं नाही. म्हणजे आपण काय केलंय ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

दसऱ्याच्या दिवशी पहाटे रंगूबाई झेंडूच्या जाळ्या घेऊन फुलबाजारात गेली. वर्षातला तो मोठा दिवस. गिऱ्हाइकांची झुंबड, आणि एका पोराने मोबाईल पुढे करून विचारलं, "मावशी, हौदातली हडळ ऐकली का?"

रंगूबाईने ऐकली. स्वतःचा आवाज माणसाला ओळखता येत नाही म्हणतात. पण ती हाक तिने चौतीस वर्षं, रोज तीनदा मारली होती. शेजारच्या फुलवाल्या हसत होत्या. एक म्हणाली, "मेली कुणाची बायको असंल! नवरा कसा नांदवत असंल?"

रंगूबाईने सगळा झेंडू विकला, चहा प्यायला नाही आणि दुपारी घरी आली. लहानू इको मशीनची पूजा करत होता. तिने रिकाम्या जाळ्या खाली ठेवल्या.

"ती हाक माझी हाय," ती म्हणाली.

लहानूच्या हातातलं फूल हातातच राहिलं. "लोकांना लय आवडली," तो म्हणाला. आयुष्यात बोललेल्या वाक्यांपैकी हे सर्वांत वाईट, हे त्याला ते तोंडातून बाहेर पडतानाच कळलं.

"हडळ म्हणले ते जाऊ द्या. हडळ तर हडळ. पण मला तुमाला बोलवायला एकच शब्द होता. एकच. तो तुमी सगळ्या जिल्ह्याला वाटून टाकला. आता मी तुमाला काय म्हणून हाक मारू, ते सांगा."

दुसऱ्या दिवसापासून हाक बंद झाली.

बाकी सगळं चालू होतं, हे लक्षात घ्या. चहा वेळेवर, कपडे धुतलेले, फुलं दोघांनी मिळून तोडलेली. जेवण वाढून ताटावर ताट झाकून ठेवलेलं. ज्याला भूक लागेल त्याने यावं. पण लहानूला भूक लागलेली कळायचीच नाही. एवढी वर्षं ते काम ओट्यावरून व्हायचं. पहिल्या दिवशी तो साडेदहालाच घरी आला आणि रंगूबाईने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तो परत गेला. दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत शेतातच उभा राहिला आणि मेथीच्या वाफ्यात गुडघाभर पाणी भरलं. मोबाईलला गजर लावला, तर गजराच्या आवाजाने टिटव्या उठायच्या आणि लहानू तसाच बसून राहायचा. हाकेला जायचं असतं, टुंग टुंग वाजल्यावर माणूस कसा जाईल?

त्याने उज्वलाला सांगितलं, गाणं काढून टाक. तिने त्याच दिवशी काढलं, सासूची माफीही मागितली, आणि ती मिळालीही. पण गाणं तोवर लाखभर मोबाईलांत जाऊन बसलं होतं. मुंबईहून एका कंपनीचा फोन आला. दुसरा भाग काढू, नाव 'तिसरी हाक', बाईंना घेऊन या. कारभारी शेजारी बसून हातवारे करत होता, हो म्हण, हो म्हण. लहानू फोनवर म्हणाला, "तिसरी हाक माझी हाय. ती देता येणार नाय." आणि फोन ठेवल्यावर त्याला एकदम इतकं वाईट वाटलं, की तो हौदाच्या कठड्यावर जाऊन बसला. कारण तीही आता त्याची राहिली नव्हती.

दिवाळी गेली. एका रविवारी सकाळी अकराच्या सुमारास लहानूने खोलीतून कर्णा बाहेर काढला. तो गच्चीवर नेऊन बांधला, वायर ओढली, माइक हातात घेतला. जी चूक आवाजाने झाली ती आवाजानेच निस्तरायची, असा त्याने विचार केला होता. त्याला दुसरं काही येतही नव्हतं.

"हॅलो, हॅलो. माइक टेस्टिंग. वन, टू, थ्री," त्याने सुरुवात केली, कारण यावाचून त्याला सुरुवात करता येत नसे. "म्हसरूळ शिवारातल्या समस्त बंधू-भगिनींना कळविण्यात येतं, की हौदातली हडळ हडळ नाय. ती माझी मंडळी हाय. तिला न इचारता मी ती हाक चोरली." मग त्याने डोळे मिटले आणि चौतीस वर्षांत चारचौघांत जे केलं नव्हतं ते केलं. "रंगूऽऽ! माझं चुकलं!"

शिवारातली माणसं वाफ्यांत उभी राहून ऐकायला लागली. टोमॅटो बांधणाऱ्या बाया हसायला लागल्या.

"रंगूऽऽ! माझं चु..."

आणि लाईट गेली.

लहानूचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे त्याला पत्ता लागला नाही. मेलेल्या माइकमध्ये तो पुढे दहा मिनिटं बोलत राहिला. शिवार आपापल्या कामाला लागलं. ऐकायला फक्त रंगूबाई होती, खाली भिंतीला टेकून, हातात सूप घेऊन.

"खरं सांगतो," लहानू वरून म्हणत होता, "भुताबिताचं काय नाय. पहिली हाक मला रोज ऐकू यायची. पहिलीला आलो तर दुसरी, तिसरी बंद होईल, म्हणून येत नव्हतो. मला ऐकायला बरं वाटायचं. कुणीतरी बोलावून राह्यलंय, असं. आन थोडं पाणी भरायचं पण असायचं, खोटं कशाला बोलू. पण बरंच ते बरं वाटायचं म्हणून. आता माझा मी जेवायला येतो, तर मला चोरासारखं वाटतं, रंगू."

मग त्याने डोळे उघडले, ॲम्प्लिफायरचा विझलेला दिवा पाहिला, आणि "हात्तिच्या!" म्हणून माइक ठेवून दिला. खाली आला तेव्हा रंगूबाई तांदूळ पाखडत होती. तिने काही ऐकल्याचं दाखवलं नाही. लहानूला वाटलं, दहा मिनिटं वाया गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो झेंडूला पाणी देत होता. बांधावर कारभारी बसून फुकटचा सल्ला देत होता. ऊन वर आलं होतं. आणि घराच्या दिशेने हाक आली.

"लहानूऽऽऽ!"

लहानूच्या हातातलं फावडं पाण्यात पडलं. विचार करायच्या आधीच त्याच्या तोंडून निघालं, "ओऽऽ! आलो गं आई!"

कारभारी ताडकन उभा राहिला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "लहान्या! ओ दिली? पहिल्याच हाकेला? अरे, तुझी आई..."

तेवढ्यात लहानूलाही आठवलं. गाळात उभ्या उभ्या त्याने हळूच मान वळवून घराकडे पाहिलं. ओट्यावर रंगूबाई उभी होती. पदर तोंडात धरून ती हसत होती, आणि हसता हसता कान लाल झालेले तीनशे पावलांवरूनही दिसत होते. उखाण्यानंतर आज पहिल्यांदा तिने त्याचं नाव घेतलं होतं.

"आई नाय, मी हाय!" ती ओरडली. "तुमी घेतलं ना माझं नाव कर्ण्यावरून? आता मीबी घेणार. माझा शब्द जिल्ह्याला दिला, मग मला दुसरा कुठला ऱ्हायला?"

लहानू निघाला. फावडं पाण्यातच राहिलं, मोटर चालू राहिली, पाणी वाफा सोडून शेजारच्या कोबीत शिरलं आणि कारभारी "अरे पाणी! पाणी!" करत बांधावर नाचत होता. लहानूने मागे पाहिलं नाही. गाळाच्या पायांनीच तो ओट्यावर चढला, हात धुतले आणि ताटावर बसला.

त्याने भाकरीला हात लावला आणि चटका बसून बोट मागे घेतलं. पापुद्रा अजून फुगलेला होता, आतून वाफ निघत होती. त्याने घास मोडला, फुंकर मारली, खाल्ला.

"आज भाकरी गरम हाय," तो म्हणाला.

रंगूबाई चुलीपुढून उठली नाही. दुसरी भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, "रोजच असती. पहिल्या हाकेला."